पालाचा पत्ता

दगड फोडणाऱ्यांच्या नावाची एक वस्ती पुण्यात आहे, वडारवाडी. झाडपाल्याची औषधं घेऊन हिंडणाऱ्या वैदूंच्या नावाची वैदूवाडीही आहे, सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या अलीकडे. या भटक्या-विमुक्त जमाती शहराला काल-परवा येऊन मिळालेल्या नाहीत. वाड्यांचे पाये, रस्त्यांची खडी, घरोघरची जाती-पाटे, बाजारातल्या टोपल्या, सगळ्याला त्यांचे हात लागले आहेत. तरीही महापालिकेच्या सभागृहात, प्रभाग समितीत किंवा एखाद्या सुनावणीच्या खोलीत त्यांचा माणूस शोधावा लागतो.

याचं कारण विचारलं की गरिबी आणि शिक्षणाचा अभाव ही दोन उत्तरं लगेच येतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. उरलेलं उत्तर सरकारी अर्जांत आहे. जवळजवळ प्रत्येक अर्ज दोन गोष्टी गृहीत धरतो: कुटुंब एका जागी राहतं, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची जात एखाद्या वहीत लिहून ठेवलेली आहे. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. शिवाय त्या नव्हत्या यात कायद्याचाही हात होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ठरावीक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहायचं. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं हे चालू होतं. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ज्यांच्या आजोबांनी पोलिसांच्या वहीत नाव लागू नये म्हणून जमात लपवली, त्यांच्या नातवाकडे आज आपण त्याच जमातीचा जुना लेखी पुरावा मागतो. हा अन्याय मला सगळ्यात जास्त सलतो, कारण तो कुणी मुद्दाम करत नाही. टेबलामागचा कारकून नियमाप्रमाणे वागतो आणि अन्याय आपोआप घडतो.

सुरुवात मतदार यादीपासून करायला हवी. बाकीचे बरेच हक्क तिच्यावर टांगलेले आहेत. नवं नाव नोंदवायला नमुना ६ भरतात. पत्त्याच्या रकान्याशी गाडी अडते, कारण वीजबिल नाही, भाडेकरार नाही, जागा कुणाची तेही माहीत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी अर्ज परत येतो. पण निवडणूक आयोगाच्याच सूचना सांगतात, की बेघर माणसाला पत्त्याच्या कागदी पुराव्याची गरज नाही. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं. हे एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं आणि तसा अहवाल द्यायचा. एवढ्यावर नाव लागतं. आधारचंही तसंच. ते मागतात, पण पुरेशा कारणामुळे देता आलं नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही, असं निवडणूक कायद्यांच्या २०२१ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे.

मग हे होत का नाही? बीएलओ बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. दिवसाची नोकरी करून रात्री दहाला उड्डाणपुलाखाली किंवा खाणीच्या कडेला एकटीने जाणं त्यांना अवघड असतं, आणि तसं जा असं त्यांना कुणी लेखी सांगितलेलंही नसतं. म्हणून अर्जासोबत एक साधं पत्र जोडावं. त्यात झोपण्याच्या जागेच्या खुणा लिहाव्यात: कोणता पूल, कितवा खांब, समोर कोणतं दुकान. किती वाजल्यानंतर माणसं पालावर असतात आणि बीएलओला न्यायला कोण येईल, हेही लिहावं. असा अर्ज बाजूला सारणं कठीण जातं. वस्तीतले सगळे अर्ज एकाच वेळी द्यावेत, म्हणजे त्याच दोन रात्रींत सगळ्यांची पडताळणी होते. पोच घ्यायला विसरू नये. अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागावा. त्यावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही नाही झालं तर पुढच्या ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

पुण्याच्या कडेला आणखी एक घोळ आहे. वाघोली जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण विधानसभेला ती शिरूर मतदारसंघात आहे. तिथल्या दगडखाणींवरच्या वडार कुटुंबाने नमुना ६ पुण्यातल्या जवळच्या कार्यालयात नेऊन दिला, तर तो चुकीच्या टेबलावर पडतो. महापालिकेची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेऊन ती प्रभागवार फोडतात. त्यामुळे महापालिका निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. त्या वेळच्या हरकतींत नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर दुरुस्त होतं, पण मूळ यादीत नसलेलं नाव नव्याने चढत नाही.

नाव लागलं म्हणजे ते टिकेल असंही नाही. यादीची मोठी फेरतपासणी बहुधा पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंत चालते. दसरा-दिवाळीनंतर तर पालं हलतात. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी जत्रांच्या हंगामावर. बीएलओ येतो तेव्हा जागा मोकळी असते, आणि शेऱ्यात ‘स्थलांतरित’ लिहिलं जातं. नाव वगळण्याआधी नोटीस काढायची असते, पण ती त्याच मोकळ्या जागेवर येते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये याचं उत्तर आहे: तात्पुरतं बाहेर गेल्याने कुणी त्या जागेचा सामान्य रहिवासी असण्याचं थांबत नाही. हे कलम जणू भटक्यांसाठीच लिहिलंय असं वाटावं इतकं त्यांना लागू पडतं. वस्ती हलण्यापूर्वी बीएलओला आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्याला एक पत्र द्यावं, की ही कुटुंबं अमुक महिन्यात परत येणार आहेत. सोबत मोबाइल नंबरांची यादी जोडावी. नाव गेलंच, तर पुन्हा नमुना ६. त्यासाठी निवडणुकीपर्यंत थांबावं लागत नाही, कारण नावनोंदणी वर्षभर चालू असते. नव्याने अठरा पूर्ण करणाऱ्यांसाठी वय मोजण्याच्या तारखाही आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

यादीतल्या या नावाचा उपयोग मतदानापुरता नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता ठरवताना जुन्या मतदार याद्याच उलगडून पाहतात. प्रभाग समितीवर स्वयंसेवी किंवा वस्तीतल्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, पण त्या माणसाचं नाव त्या समितीच्या हद्दीतल्या मतदार यादीत असावं लागतं. एकदा वगळलेलं नाव अशी पाच-दहा वर्षं मागे-पुढे त्रास देत राहतं.

आता जातीचा दाखला. सगळ्यात जास्त माणसं इथे थकतात.

महाराष्ट्रात हा सगळा कारभार २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याने आणि २०१२ च्या नियमांनी चालतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. त्या दिवशी अर्जदाराचे वडील-आजोबा महाराष्ट्रात कुठे राहत होते हे दाखवायचं असतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे. लोक इथेच पहिली चूक करतात: आपण आज जिथे राहतो तिथल्या प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज देतात. आजोबा त्या तारखेला बार्शीला असतील, तर दाखला तिकडच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. पुण्यात चार महिने खेटे घातल्यावर ‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य ऐकायला मिळतं. म्हणून अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं आणि वंशावळ कागदावर उतरवावी. खापरपणजोबांपर्यंत नावं, प्रत्येकाचं गाव, लग्नं कुठे झाली, अंत्यविधी कुठे झाले. पुरावा कुठल्या तालुक्यात शोधायचा ते या कागदावरून कळतं.

मग शोध सुरू होतो. तहसील कार्यालयातली जन्म-मृत्यूची नोंद, जिला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात, हा मोठा आधार आहे, कारण जुन्या नोंदींत जात लिहिलेली असते. शाळेच्या रजिस्टरचा उतारा हा दुसरा. स्वतः अर्जदार शिकलेला असेल, पण १९६१ पूर्वीची नोंद हवी तर चुलत आजोबा, वडिलांचा मोठा भाऊ, वडिलांची आत्या यांच्यापैकी कुणी एक वर्ष जरी शाळेत गेलं असेल तरी त्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर पाहावं. नातं वडिलांकडचं असायला हवं. आईकडच्या माणसांचे कागद जोडून लोक जाडजूड फाइल करतात, आणि ती तशीच परत येते. सेटलमेंटमध्ये राहिलेल्या कुटुंबांच्या नोंदी मिळाल्या तर त्याही जोडाव्यात. ज्या वह्या माणसांना कोंडण्यासाठी लिहिल्या, त्यांच्यातच आज नातवंडांची जमात लिहिलेली सापडते.

आणि काहीच सापडलं नाही तर? नियमांत गृहचौकशीची सोय आहे. अधिकाऱ्याने माणसं पाठवून वस्तीत, नातेवाइकांत, जमातीच्या जाणत्या माणसांकडे चौकशी करायची. बोलीभाषा, कुलदैवत, लग्नाच्या रीती, पारंपरिक व्यवसाय यांच्यावरून खात्री करायची आणि पंचनाम्यासह अहवाल द्यायचा. ही सोय मागितल्याशिवाय मिळत नाही. अर्जातच लिहावं, की १९६१ पूर्वीचा लेखी पुरावा अमुक कारणाने उपलब्ध नाही, सबब गृहचौकशी करावी. नुसता तोंडी आग्रह धरला तर ‘कागद आणा’ हेच उत्तर येतं. नकार आला तर तोही लेखी घ्यावा, कारणांसह. अपिलाला ३० दिवस असतात.

नावांतला फरक हे नकाराचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. एका कागदावर ‘लक्ष्मण’, दुसऱ्यावर ‘लकशा’. आडनाव कुठे जाधव, कुठे पवार, कुठे नुसतंच बापाचं नाव. यासाठी एकच शपथपत्र करून सगळी रूपं त्यात लिहावीत. त्याहून अवघड दुखणं शाळेतलं. मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं असतं, किंवा ‘भटका’. भटका हे जमातीचं नाव नाही, आणि त्या नोंदीवर दाखला मिळत नाही. शाळा सोडल्यानंतर ती नोंद बदलणं फार कठीण जातं. म्हणून वस्तीतल्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आई-बापाबरोबर जा, आणि शासनाच्या यादीत जमातीचं नाव जसं छापलंय तसंच रजिस्टरमध्ये लिहिलं जातंय ना, ते डोळ्यांनी पाहा. त्या दिवशी गेलेला अर्धा तास पुढची पंधरा वर्षं वाचवतो.

हे सगळं झाल्यावर दाखला खरा आहे का हे तपासणारी पडताळणी समिती, तिच्यासाठी चौकशी करणारं दक्षता पथक, आणि मग दाखला खरा ठरवणारं वैधता प्रमाणपत्र. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकालाही वैधता मिळालेली असेल तर बाकीच्यांची वाट बरीच सोपी होते. त्यामुळे भावकीतल्या ज्याचे कागद सगळ्यात भक्कम, त्याचं प्रकरण आधी करावं, मग तो थोरला असो की धाकटा.

पुण्यासारख्या शहरात याला राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमांचा पेच जोडला जातो. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत. पुणे, सोलापूर, साताऱ्यात तेच कैकाडी विमुक्त जातीत येतात. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. बांधकामावर आलेलं कुटुंब कलबुर्गीहून आलं की नांदेडहून, यावर त्याचा प्रवर्ग ठरतो. काम तेच, बोली तीच, लग्नंही एकमेकांत. पारध्यांत फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, राजपारधी विमुक्तांच्या. याचा परिणाम दाखल्यापुरता राहत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण अनुसूचित जाती आणि जमातींनाच आहे. पुण्यात फासेपारधी बाईला जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली तर तो कायदा लागतो. शेजारच्या पालातल्या कैकाडी बाईवर तोच प्रसंग आला तर नाही. या तफावतीचं समर्थन करता येईल असं एकही कारण मला दिसत नाही.

सत्तेतल्या वाट्याचं गणितही असंच तिरकं आहे. राज्याच्या शिक्षणात आणि नोकऱ्यांत विमुक्त-भटक्यांना वेगळं आरक्षण आहे: विमुक्त जाती ३ टक्के, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २. स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र हे चारही गट ओबीसींबरोबर ‘नागरिकांचा मागासवर्ग प्रवर्ग’ या एकाच २७ टक्क्यांत येतात. तेही आरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालाने थांबलं आणि जुलै २०२२ मध्ये याच आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य झाल्यावर परत आलं. पुणे महापालिकेच्या १६५ जागांपैकी ४४ या प्रवर्गाच्या आहेत. त्यांत संख्येने मोठ्या, शेतीवाडी आणि संस्था असलेल्या जाती एका बाजूला, आणि वस्त्यांत विखुरलेले वडार, कैकाडी, वैदू, गोपाळ दुसऱ्या बाजूला. चार जणांच्या प्रभागात एवढ्या मोठ्या मतदारसंख्येसमोर दोनशे घरांच्या वस्तीचं वजन किती पडणार? ४४ पैकी काही जागा तरी विमुक्त-भटक्यांसाठी आळीपाळीने ठेवता येतील अशी उपविभागणी व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत स्वीकृत सदस्यत्व आणि प्रभाग समितीवरच्या संस्थांच्या तीन जागा, ही दोन दारं ठोठावण्यासारखी आहेत. त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

उमेदवारी करणाऱ्याने वैधता प्रमाणपत्राचा विषय शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. अर्जाबरोबर ते नसेल तर पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पोच आणि हमीपत्र द्यावं लागतं. ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होऊ नये, अशी अटही आहे. मुलांचा जन्म पालावर झालेला असेल तर जन्मतारखांचे दाखले आधी करून घ्यावे लागतात.

पोलिसांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. परिसरात चोरी झाली की पहिली उचल पारधी वस्तीतून होते. ज्या तरुणावर दोन-तीनदा प्रतिबंधक कारवाई झाली, तो पुढे सभेला उभा राहून बोलत नाही. त्याला तडीपार केलं, तर त्याचा प्रभागच त्याच्यापासून तोडला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी आधीच्या निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत, असंही पोलिसांना त्यातच बजावलं. या निकालाचा तेवढा भाग मराठीत एका पानावर करून वस्तीत ठेवावा, आणि उचल झाली की वकिलाने तो पहिल्याच हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ठेवावा.

क्षेत्रीय कार्यालयाची पायरी सगळ्यात जवळची. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांसाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. सोसायट्या बाक आणि पदपथ मागतात. पालवस्तीला नळ आणि शौचालयाला दिवा हवा असतो. पण अर्जावर ‘जागा महापालिकेच्या मालकीची नाही’ असा शेरा पडतो, कारण वस्ती रेल्वेच्या, लष्कराच्या किंवा खासगी जमिनीवर असते. यावरचा उपाय असा, की काम वस्तीच्या आत न मागता तिच्या तोंडाशी असलेल्या महापालिकेच्या रस्त्यावर मागावं: नळकोंडाळं तिथे, दिव्याचा खांब तिथे. आधी मालमत्ता विभागातून त्या पट्ट्याची मालकी तपासून घ्यावी.

क्षेत्रीय कार्यालयातल्या बैठकांत या जमातींच्या बायका बोलत नाहीत ही तक्रार मला अर्धवट वाटते. वडारांच्या घरी तेलुगूच्या वळणाची बोली चालते, कैकाड्यांच्या घरी तमिळशी नातं सांगणारी, पारध्यांची गुजरातीच्या जवळची. घरातला भांडणतंटाही ज्या भाषेत मिटतो ती सोडून त्यांना कचेरीतल्या मराठीत, आणि तेही उभं राहून, बोलायला सांगितलं जातं. त्यांच्यातलीच दुभाषी मुलगी शेजारी बसली, तर त्याच बायका पाण्याच्या टँकरचा दिवसवार हिशोब अधिकाऱ्याला तोंडपाठ सांगतात.

सगळ्यात जवळ आलेलं काम जनगणनेचं आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातगणनेचा निर्णय घेतला. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ-तारीख १ मार्च. जनगणनेत सर्व जातींची मोजणी याआधी १९३१ मध्ये झाली होती, म्हणजे यातल्या अनेक जमाती हजेरीच्या वहीत होत्या तेव्हा. केंद्राने भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या आयोगांपैकी रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ च्या सुरुवातीला अहवाल दिले. खरी संख्या हाताशी नसल्याने दोन्ही वेळा अंदाजांवरच काम भागवावं लागलं. बेघरांची मोजणी एकाच रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. प्रगणकाला ज्या वस्त्यांचा पत्ताच नाही, त्या त्या रात्री सुटतात. म्हणून पुण्यातल्या पालवस्त्यांची यादी, खुणांच्या नकाशासह, २०२६ च्या दिवाळीपूर्वी पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत लेखी देऊन ठेवायला हवी. जी कुटुंबं फेब्रुवारीत ऊसतोडीवर असतील, त्यांच्या मुकादमांना तिकडच्या तहसिलात कळवायला सांगावं. आणि प्रत्येक पालावर एवढं सांगून ठेवावं, की विचारल्यावर ‘आम्ही भटके’, ‘आम्ही मागास’ असं म्हणायचं नाही. जमातीचं नाव सांगायचं, पोटजात सांगायची, मातृभाषेच्या रकान्यात मराठी न सांगता घरची बोली सांगायची, आणि प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावायचं.